ओटीपोटाच्या जुन्या दुखण्यासाठी कमरेत मशीन बसवून घेतलेलं कुणी आहे का?

शाळेची_घंटा
वय ४१, साताऱ्याजवळच्या गावात प्राथमिक शिक्षिका. सहा वर्षं ओटीपोट दुखतंय. आतून कुणीतरी ओला कपडा पिळावा तसं. लघवी साठली की जास्त, होऊन आलं की जरा उतरतं, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. शाळेत एकच बाथरूम, तेही पटांगणापलीकडे, म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही. सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बिणीची तपासणी नॉर्मल. एका डॉक्टरांनी "मन रमवा" सांगितलं. मन रमवायला वर्गात तीस पोरं आहेत हो!

आता पुण्यात ब्लॅडर पेन सिंड्रोम (मूत्राशयाचं जुनाट दुखणं) निदान झालंय. गोळ्या झाल्या, मूत्राशयात औषध सोडून झालं, फरक नाही. डॉक्टर म्हणतात, माकडहाडाच्या वर नसेजवळ वायर घालू आणि कमरेत बॅटरी बसवू. सासूबाई म्हणतात, अंगात करंट सोडून घेणार का? खरं सांगायचं तर मलाही धास्ती वाटते.

ठाण्याची_नमू
ताई, मी केलंय, सव्वातीन वर्षं झाली. एकदम बॅटरी बसवत नाहीत, आधी चाचणी असते. मला पालथं झोपवलं, जागा बधिर केली आणि एक्स-रेवर बघत त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) भोकातून वायर एस३ म्हणजे तिथल्या तिसऱ्या नसेपाशी नेली. मग करंट हळूहळू वाढवत डॉक्टर विचारायला लागले, "कुठे जाणवतंय?" मी म्हटलं, "सांगायची लाज वाटते अशा ठिकाणी." सिस्टर म्हणाल्या, "तिथेच पाहिजे!" पायाचा अंगठाही आपोआप वाकत होता म्हणे.

पुढे दोन आठवडे यंत्र बाहेरच, कमरपट्ट्यात. अंघोळ नाही, नुसतं अंग पुसायचं. वाकायचं नाही, केर काढायचा नाही (एवढा भाग छान होता). मी रोज कालनिर्णयच्या चौकोनात दोन आकडे लिहायचे: लघवीला किती वेळा, दुखणं दहापैकी किती. आधी २२ आणि ८ असायचं. दहाव्या दिवशी ११ आणि ४. निम्म्याने तरी फरक पडला तरच बॅटरी आत बसवतात. नाहीतर वायर काढून टाकतात, विषय संपला.

पूर्ण गेलं का? नाही. पाळीच्या आधीचे दोन दिवस अजून नकोसे होतात. बॅटरी कुल्ल्याच्या वरच्या भागात आहे, तिथे सलवारच्या नाडीची गाठ घासायची. आता सगळ्यांना इलॅस्टिक. करंट कमीजास्त करायचा रिमोट मसाल्याच्या डब्याशेजारी असतो.

फिजिओ_कोल्हापूर
मी पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करते. हे उपकरण मुळात लघवी थोपवता न येणाऱ्यांसाठी आलं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) १९९७ साली त्यासाठीच मंजुरी दिली. नुसत्या दुखण्यासाठी ती नाही. तुम्हाला वारंवार लघवीचाही त्रास आहे, म्हणून डॉक्टरांनी सुचवलं असणार. खर्च लाखांत जातो आणि इन्शुरन्सवाले नेमकं इथेच अडवतात, तेव्हा मंजुरी आधी लेखी घ्या.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेत का, हे कुणी बोटाने तपासलंय का? नसेल तर आधी ते करून घ्या. घोट्याजवळ बारीक सुई लावून टिबियल नस चेतवायचाही उपाय आहे: अर्धा तास, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. कापाकापी नाही.

आणि बॅटरी बसवलीच तर डायथर्मीचा (फिजिओकडच्या विद्युतलहरींच्या मशीनचा) शेक कधीच घ्यायचा नाही, गुडघ्यालासुद्धा. एमआरआय चालेल का, ते मॉडेलवर ठरतं. डॉक्टरांना आधीच विचारा.

शाळेची_घंटा
स्नायू कुणीच तपासले नाहीत. सोमवारी फोन करते. नमूताई, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "रिमोट पोरांच्या हाती लागला तर?" आणि एक माझं: एसटीने जाता येतं का?

ठाण्याची_नमू
रिमोट वरच्या फळीवर, सासूबाईंना सांगा! एसटीने जाते, पण मागच्या सीटवर अजून बसत नाही. गचके बसले की दोन दिवस जातात.