विंडोज १० सोडताना: अपग्रेड केलंत, थांबलात की वाट बदललीत? अनुभव लिहा

बाबांचा डेस्कटॉप २०१७ साली घेतलेला. सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, आजवर एकदाही दगा दिलेला नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर थांबले. तपासणीच्या अ‍ॅपने तर सरळ सांगितलं की या मशीनवर विंडोज ११ बसणार नाही. इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर ११ च्या यादीत आहेत. बाबा ७८ वर्षांचे. पेन्शनचं खातं, मुदत ठेवी सगळं याच मशीनवर बघतात, त्यामुळे 'चाललंय ना, चालू दे' असं मला म्हणवत नाही. धडधाकट मशीन भंगारात द्यायलाही जीव होत नाही. पुण्यात ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी कृपया लिहा. काही बिघडलं असेल तर ते आधी लिहा, त्याचा उपयोग जास्त होईल.
– कोथरूड

नारायण पेठ, डीटीपीचं काम
आमचं पंचवीस वर्षांचं काम युनिकोडच्या (सगळीकडे सारखी दिसणारी आजची अक्षरपद्धत) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे आणि ते सॉफ्टवेअर यूएसबीत लॉक, म्हणजे परवान्याची छोटी काडी, लावल्याशिवाय उघडत नाही. दिवाळी अंकाचे फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचे संच) छापायला जायचे होते त्याच आठवड्यात मी एका मशीनवर ११ टाकलं. ही माझी चूक. लॉकचा ड्रायव्हर काही केल्या बसेना, फॉन्ट दिसेनात. कवितेचं पान उघडलं तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. त्या कवितेचे कवी प्रुफं तपासायला समोरच्या खुर्चीत बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

वाचलो ते एका सोयीमुळे. अपग्रेडनंतर १० दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. जुनी विंडोज सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये असते. जागा अडते म्हणून ते फोल्डर कुणी उडवू नका! रात्री साडेअकराला मशीन पूर्ववत झालं. आता ते नेटपासून तोडलंय, फक्त जुन्या फायलींसाठी. नवीन सगळं काम दुसऱ्या मशीनवर, युनिकोडमध्ये. खरं तर हे पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

सिंहगड रस्ता
आमचा लॅपटॉप ११ साठी पात्र होता. दुकानात सांगितलं म्हणून आधी बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट केलं, आणि चालू करताच निळा पडदा: ४८ आकडी रिकव्हरी की द्या. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मुलीचे बारावीच्या प्रोजेक्टचे कागद त्यातच. अशी की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण लॅपटॉप घेताना ते खातं भाच्याने स्वतःच्या ईमेलने उघडून दिलं होतं. त्याला ऑफिसात फोन केला. तो सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचत गेला, हिने ते कालनिर्णयाच्या मागे लिहिले, मुलीने टाइप केले. उघडलं तेव्हा तिघांनीही श्वास सोडला. बायोसला हात लावण्याआधी की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर (डिस्कला हे कुलूप लावणारी विंडोजची सोय) तात्पुरतं थांबवा, एवढी कळकळीची विनंती. ११ स्वतः मात्र तासाभरात बसलं, तक्रार नाही.

मार्केट यार्ड, आडत
गाळ्यावरचा हिशेबाचा प्रोग्राम डॉसचा, १६ बिटचा. ३२ बिटच्या विंडोज १० वर चालायचा, पण ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोग्राम उघडला, पण शेतकऱ्याला द्यायची विक्रीच्या हिशेबाची पट्टी डॉट मॅट्रिक्सवर छापेना. पट्टी वेळेवर मिळाली नाही तर माणूस रात्रीच्या मुक्कामाला अडकतो. म्हणून तो संगणक आहे तसा ठेवला, नेट काढलं.

सहकारनगर, निवृत्त शिक्षिका
माझा लॅपटॉप २०१३ चा. सुरू होईपर्यंत चहा होऊन जायचा. एका माजी विद्यार्थ्याने तपकीर गल्लीतून २४० जीबीची एसएसडी आणून बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून दिली. त्याआधी चार दिवस मिंट पेनड्राइव्हवरूनच वापरून बघितलं, आतल्या डिस्कला धक्का न लावता. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आहे, माझे लेख मी त्यावरच लिहिते. वर्डच्या जुन्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. तक्ते थोडे सरकतात, ते हाताने नीट करावे लागतात. बँक ब्राउझरमधून चालते. कामात डिजिटल सहीचा टोकन (यूएसबीत लावायची सहीची काडी) लागत असेल तर तो आधी लावून बघा. मला लागत नाही.

धनकवडी
२०२१ चा लॅपटॉप. केलं, झालं, काही अडलं नाही.

पुन्हा कोथरूड
सर्वांचे मनापासून आभार. नारायण पेठेतला अनुभव बाबांना वाचून दाखवला. मग आम्ही दोघांनी वहीत लिहून काढलं की या मशीनवर नेमकं काय काय होतं: बँक, वीजबिल, नातवंडांचे फोटो, प्रिंटर. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून ती लावून घेतली, खातं बाबांच्याच ईमेलचं. मधल्या काळात मिंटची सवय करायची ठरलंय. रविवारी ते पेनड्राइव्हवरून सुरू केलं. बाबांनी मुदत ठेवीचं पान उघडलं, रक्कम मोठ्याने वाचली आणि प्रिंटरची वायर स्वतः मागे जाऊन लावली. प्रिंट आली.