मदत हवी: आमची चार्टर कंपनी दुसरीत विलीन होणार म्हणतात, राजीनाम्यावर सही करू का?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एका छोट्या चार्टर (भाड्यानं विमानं देणाऱ्या) कंपनीत एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता आहे. बी-वन लायसन्स, किंग एअर या टर्बोप्रॉप (पंख्याच्या) विमानाचं रेटिंग. दिवाळीपासून कलिन्याच्या हँगरमध्ये एकच विषय चालू आहे: दिल्लीची तशीच एक कंपनी आणि आमची एक होणार. मालक गप्प. पायलट म्हणतात जेट ठेवणार, टर्बोप्रॉप काढणार. केटरिंगवाल्याकडे तर नव्या कंपनीचं नावसुद्धा तयार आहे!

एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण परवा एचआरनं बोलावून सांगितलं, "इथं राजीनामा द्या, तिकडचं ऑफर लेटर लगेच मिळेल, पगार तोच." माझी ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुरी व्हायला थोडेच महिने राहिलेत. पत्नी म्हणते सही करू नकोस. सहकाऱ्यांपैकी दोघांनी करून टाकली.

विलीनीकरण खरंच चाललंय का, हे बाहेरून कळतं का? आणि सही केली तर जुनी सेवा गेलीच ना?

— पाना_पक्कड

सीएस_डोंबिवली:
सही करू नका. वहिनींचं बरोबर आहे.

विलीनीकरण कुजबुजत होत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 230 ते 232 खाली योजना सहसा एनसीएलटीपुढे (कंपनी न्यायाधिकरणापुढे) जाते, आणि सुनावणीची जाहीर नोटीस एका इंग्रजी व एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असेल तर ती बहुधा मराठी पेपरात सापडेल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर दोन्ही कंपन्यांचे संचालक फुकट दिसतात, तेही बघा. वेळही लागतो. विस्तारा एअर इंडियात जाणार हे नोव्हेंबर 2022 ला जाहीर झालं, प्रत्यक्षात गेली 12 नोव्हेंबर 2024 ला.

अशा योजनेत कर्मचारी सेवा अखंड धरून नव्या कंपनीत जातात, तसं कलम बहुतेक योजनांत असतंच. राजीनामा कोणी मागत नाही. नुसते शेअर विकले तर तुमचा मालक कागदावर तोच राहतो, तेव्हाही राजीनाम्याचं कारण नाही. मग तुमच्याकडे मागतायत ते का, हा खरा प्रश्न.

टॉर्क_रेंच:
त्याचं उत्तर हँगरमध्येच मिळेल. अलीकडे बाहेरचे लोक येऊन लॉगबुकं चाळून गेले का? इंजिनांची बोरोस्कोपी (आत कॅमेरा घालून तपासणी) झाली का, तीही इन्स्पेक्शन ड्यू नसताना? तसं असेल तर ही खरेदीपूर्व तपासणी. म्हणजे कंपन्या एक होत नाहीत, फक्त विमानं विकली जातायत, आणि ती समोरच्या कंपनीच्या उड्डाण परमिटवर चढणार. त्यात माणसं आपोआप जात नाहीत.

शिवाय लायसन्स डीजीसीएचं (विमान वाहतूक नियामकाचं) आणि तुझं असलं तरी विमान उडायला योग्य आहे अशी सही करायचं ऑथोरायझेशन कार-145 संस्था, म्हणजे डीजीसीएमान्य देखभाल संस्था देते. नवी संस्था तिची कार्यपद्धती शिकवून, पारखूनच देईल. तोवर तुला विमान उड्डाणाला सोडता येणार नाही. तुमच्या पगारात अप्रूव्हल अलाउन्स (या सहीच्या अधिकाराचा भत्ता) वेगळा असेल तर त्या काळात तो मिळणार का, हे आधी विचार. "पगार तोच" म्हणताना नेमकं हेच गाळतात.

पाना_पक्कड:
बोरोस्कोपी झाली!! दोन्ही इंजिनांची. आम्हाला सांगितलं विम्यासाठी आहे.

सीएस_डोंबिवली:
मग आता ईमेल करा, तोंडी काही नको. तीनच ओळी: हे विलीनीकरण आहे की विमानांची विक्री? माझी सेवा पहिल्या रुजू तारखेपासून अखंड धरणार का? नेमणूक मुंबईतच का? होकार मिळाला तर तो नव्या कंपनीच्या लेटरहेडवर, ग्रॅच्युइटीच्या उल्लेखासह हवा. इथल्या एचआरचं आश्वासन तिकडे कोणी मानणार नाही. पीएफची काळजी नको, यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) तोच राहतो.

राजीनामा द्यावाच लागला तर त्यात "स्वेच्छेने" आणि "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द येऊ देऊ नका. "कंपनीच्या सूचनेनुसार, नव्या कंपनीत बदलीसाठी" असं लिहा. आणि ज्या दोघांनी सही केली त्यांना विचारा, तिकडच्या लेटरवर रुजू तारीख कोणती आहे.

पाना_पक्कड:
विचारलं. एकाच्या लेटरवर पुढच्या महिन्याची एक तारीख आहे, जुन्या सेवेचा उल्लेख नाही. दुसऱ्याला लेटर अजून आलेलंच नाही. ईमेल आज रात्रीच टाकतो.

टॉर्क_रेंच:
टाक, आणि स्वतःच्या खासगी पत्त्यालाही एक प्रत ठेव. कंपनीचा ईमेल कधी बंद करतील सांगता येत नाही.