शटडाऊनच्या काळात राष्ट्रीय उद्यानाची निगा: नागरिकांनी हात लावावा की नाही?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस अमेरिकेचे संघीय सरकार निधीअभावी ठप्प (शटडाऊन) होते. त्या काळात आम्ही तीन कुटुंबे मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील एका राष्ट्रीय उद्यानात गेलो. रस्ते व पायवाटा खुल्या होत्या, पण माहिती केंद्राला कुलूप होते आणि वाहनतळावरच्या कचरापेट्या भरून वाहत होत्या. आम्ही हातमोजे, चिमटे आणि मोठ्या पिशव्या बरोबर नेल्या होत्या. तेथे कामावर असलेल्या एका कर्मचारी बाईंना, ज्या स्वतःच त्या वेळी पगाराविना काम करत होत्या, आम्ही विचारले की आम्ही काय करू. त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितले की तुम्ही वाटेत सापडलेला कचरा उचलून घरी नेलात तर माझी हरकत नाही, पण मी तुम्हाला काम नेमून देऊ शकत नाही आणि प्रसाधनगृहाच्या किल्ल्याही देऊ शकत नाही.

परतताना माझ्या मुलीने विचारले, "आपण पैसे मागत नव्हतो, तरी त्या नाही का म्हणाल्या?" मला उत्तर देता आले नाही. २०१९ च्या शटडाऊनमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील जोशुआ ट्री उद्यानात नागरिकांनी प्रसाधनगृहेसुद्धा धुतल्याचे मी वाचले होते. मग नेमके योग्य काय?

तळटीप

आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर थेट १८८४ सालापर्यंत जाते. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, मंजुरीखेरीज तिजोरीतून एक डॉलरही काढता येत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र सरकारी खाती वर्षाचा पैसा मुदतीआधीच संपवून टाकीत, पुढचे काम लोकांकडून तूर्त विनामोबदला करवून घेत, आणि नंतर तीच माणसे देणे मागायला काँग्रेसच्या दारात उभी राहिली की त्यांना रिकाम्या हाती परत पाठवणे कोणाला जमत नसे. ही पळवाट बुजवण्यासाठी सरकारी खात्यांना स्वेच्छासेवा स्वीकारण्याचीच मनाई करण्यात आली. अँटीडेफिशिअन्सी ॲक्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात ती तरतूद आजही आहे. मानवी जीविताची सुरक्षितता आणि मालमत्तेचे रक्षण यांसाठी आणीबाणीचा अपवाद आहे. परंतु जे नेहमीचे काम थांबल्याने तातडीचा धोका उद्भवत नाही ते या अपवादात बसत नाही, असे काँग्रेसने १९९० मध्ये स्पष्ट केले.

यात एक बारकावा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ही मनाई सेवा देणाऱ्यावर नाही, ती स्वीकारणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यावर आहे. जाणूनबुजून उल्लंघन झाल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे. त्या बाईंनी आपणांस किल्ल्या दिल्या असत्या तर जोखीम त्यांच्या माथी आली असती. मुलीला हे जरूर सांगा.

एरवी उद्यानांमध्ये स्वयंसेवक मोठ्या संख्येने काम करतात, कारण त्यासाठी १९७० पासून स्वतंत्र कायदा आहे. स्वयंसेवक आधी करारावर सही करतो आणि काम करताना दुखापत झाली तर त्याला संघीय कर्मचाऱ्याप्रमाणे भरपाई मिळू शकते. शटडाऊनमध्ये देखरेख करणारा कर्मचारीच घरी बसवलेला असल्यामुळे ही व्यवस्थाही थांबते. ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील एका गृहस्थांनी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाच्या परिसरातील गवत स्वतःच्या यंत्राने कापायला घेतले, तेव्हा उद्यान पोलिसांनी त्यांना थांबवले होते.

मोहावेकर

मी जोशुआ ट्रीपासून दीड तासाच्या अंतरावर राहतो आणि जानेवारी २०१९ मध्ये दोन शनिवार तेथे काम केले आहे, म्हणून जे पाहिले ते लिहितो. २०१३ च्या शटडाऊनमध्ये राष्ट्रीय उद्याने बंद करण्यात आली होती. त्या वेळी ॲरिझोना राज्याने स्वतः पैसे भरून ग्रँड कॅन्यन उघडायला लावले होते. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या ३५ दिवसांत मात्र बहुतेक उद्यानांची दारे उघडी ठेवली गेली आणि माणसे मात्र काढून घेतली गेली. माझ्या मते सारा अनर्थ या निर्णयात आहे. सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचे वाळवंट, नाताळच्या सुट्टीची गर्दी, आणि पहारा जवळजवळ नाहीच.

तेथील प्रसाधनगृहे पाण्याची नाहीत. खाली मोठी टाकी असते आणि ती टँकर लावून उपसावी लागते. गिर्यारोहक, वाटाडे, गावातील दुकानदार असे आम्ही लोक आत झाडत होतो, बैठक पुसत होतो, पदरचे कागदाचे रोल ठेवत होतो, कचऱ्याच्या पिशव्या स्वतःच्या गाडीतून नेत होतो. पण टाकी भरत चालली की हातात झाडू असून काही उपयोग नव्हता, आणि २ जानेवारीला तंबूस्थळे बंद करावी लागली ती त्याच कारणाने. अहमदिया मुस्लिम युवक संघटनेचे तरुणही त्या महिन्यात देशातील अनेक उद्यानांत कचरा उचलत होते.

हे काम व्यर्थ होते असे मला कोणी सांगू नये. उघड्यावर पडलेले अन्न खायला डोमकावळे जमतात, त्यांची संख्या वाढते, आणि तेच डोमकावळे वाळवंटी कासवांची पिल्ले फोडून खातात. त्यामुळे तेथे उचललेल्या प्रत्येक पिशवीला अर्थ होता. मात्र जेथे गाड्या रस्ता सोडून आत घुसल्या होत्या आणि जोशुआची झाडे मोडली होती, तेथे आम्ही काहीच करू शकलो नाही. ही झाडे वर्षाला दोन-तीन इंचांच्या आसपास वाढतात. उद्यानाच्या एका माजी अधीक्षकांनी तेव्हा सांगितले होते की हे नुकसान पुढील दोन-तीनशे वर्षे भरून येणार नाही.

शेवंती

मोहावेकरांच्या कष्टांचा मला मनापासून आदर आहे, तरीही मी वेगळे मत मांडते. माझे यजमान संघीय सेवेत आहेत आणि दोन शटडाऊनमध्ये त्यांना घरी बसवले गेले होते. त्यांनी स्वतःचे काम फुकट करायचे म्हटले तरी त्यांना परवानगी नव्हती. खात्याचा संगणक उघडणेसुद्धा वर्ज्य होते. त्यांचा थकलेला पगार तरी नंतर मिळाला, आणि २०१९ च्या कायद्याने तशी हमीही दिली. परंतु वॉशिंग्टनमधील सरकारी इमारतींत व संग्रहालयांत झाडलोट करणारे अनेक कामगार कंत्राटदाराकडे असतात, आणि २०१९ मध्ये त्यांना त्या ३५ दिवसांची मजुरी सरकारने दिली नाही. ज्याची रोजी बुडाली त्याचेच काम आपण हौसेने केले, छायाचित्रे काढली आणि सारे काही नीट चालले आहे असे चित्र उभे राहिले, तर तोडगा काढण्याची निकड कोणाला वाटावी? जोशुआ ट्री पुढे उघडे राहिले तेही प्रवेशशुल्काचा साठा वापरून, आणि असा वापर कायद्याला धरून नव्हता, असे काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवले. माझ्या मते माणसे नसतील तर दारे बंदच असावीत.

सह्यवाट

पुण्याहून लिहितो. आमच्याकडे गडांवर श्रमदान करणाऱ्यांना हा प्रश्न शटडाऊनशिवायही पडतो. प्लास्टिक उचलायला कोणी अडवत नाही, पण संरक्षित स्मारकाचा ढासळलेला एक चिराही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. सुरुवातीला आम्हालाही हे जाचक वाटे. पण एका ठिकाणी उत्साहाच्या भरात जुनी जोती मातीसकट साफ झालेली पाहिली, तेव्हापासून वाटत नाही.

पायवाट

सर्वांचे आभार. लेकीला तळटीप यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिला आता त्या बाईंना पत्र लिहायचे आहे. शेवंतीताई, कंत्राटी कामगारांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पण दारे उघडी आहेत आणि कचरा समोर पडला आहे, अशा दिवशी रिकाम्या हाताने परतणे मला जमेल असे वाटत नाही. मोहावेकर, असा प्रसंग पुन्हा आला तर काय करावे?

मोहावेकर

शेवंतीताईंचे दारे बंद ठेवण्याविषयीचे म्हणणे मलाही पटते. आम्ही गेलो ते दारे उघडी होती म्हणून. आपण गेलात तर वाहनतळ आणि रस्त्याच्या कडेपुरते राहा, आणि पिशव्या उद्यानाच्या पेट्यांशेजारी रचून न ठेवता सोबत घेऊन या, कारण रात्री प्राणी त्या फाडतात. सुया किंवा मानवी विष्ठा दिसली तर मुलांना जवळ जाऊ देऊ नका. गाडीच्या चाकोऱ्या दिसल्या तर त्या दाताळ्याने बुजवायला जाऊ नका. वाळवंटाच्या मातीवर सूक्ष्म जीवांचा एक नाजूक थर असतो, तो पायाखाली मोडला की सावरायला अनेक वर्षे लागतात. रस्त्यावर उभे राहूनच छायाचित्र घ्या, जागा नोंदवून ठेवा आणि उद्यान पुन्हा सुरू झाले की तेथील स्वयंसेवक विभागाला कळवा. आम्ही २०१९ मध्ये अशा नोंदींची वहीच दिली होती, आणि त्यानंतर त्यांच्याच देखरेखीखाली त्यांतील दोन ठिकाणी चाकोऱ्यांवर वाळलेल्या फांद्या रोवायला आम्हाला बोलावले होते.