रेडिएटरचा पंखा फिरत नाही : बी-302 सदनिकेतल्या रहिवाशाच्या जुन्या मोटरसायकलविषयी शेजाऱ्यांची चर्चा

बी-302 : सर्वांना नमस्कार. माझ्या 2012 सालच्या लिक्विड-कूल्ड (द्रवाने इंजिन थंड ठेवणाऱ्या) मोटरसायकलविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. संध्याकाळी पणजीहून पर्वरीला परतताना मांडवी पुलावर वाहतूक तुंबली की तापमानाच्या पट्ट्या अगदी वरपर्यंत चढतात, आणि अटल सेतूवर दुचाकींना मनाई असल्यामुळे त्या कोंडीतून सुटकाही नसते. गाडी वेग धरू लागली की पट्ट्या आपोआप खाली येतात. पूर्वी अशा वेळी रेडिएटरमागचा पंखा घूं घूं करीत सुरू होत असे. हल्ली त्याचा आवाज येत नाही. एका गॅरेजमध्ये पंखा मोटरसकट बदलावा लागेल असे सांगितले, तर दुसरीकडे हँडलवर बटण बसवून पंखा ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट बॅटरीला जोडून देण्याची तयारी दाखवली. यांपैकी काय करावे?

ए-104 : माझ्या जुन्या बुलेटला असा पंखाच नाही आणि ती आजही व्यवस्थित चालते. मग या गाडीला तो नसला तर बिघडले कुठे?

डी-201 : ए-104, तुमच्या बुलेटचे इंजिन हवेने थंड होते; सिलिंडरवरच्या पात्यांमधून उष्णता बाहेर जाते आणि त्या हिशेबानेच ते इंजिन घडवलेले आहे. घरोघरी असलेल्या स्कूटरना पंखा असतो, पण तो थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, बसवलेला असल्यामुळे इंजिन चालू असेतोवर तो फिरतच राहतो. बी-302 च्या गाडीचा पंखा विजेवर चालतो आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, एका ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत शंभर अंशांच्या आसपास, पोहोचल्यावरच सुरू होतो. त्यामुळे पंखा ‘फिरत नाही’ म्हणजे तो बिघडला आहे, की त्याला फिरण्याचा हुकूमच मिळत नाही, की हुकूम निघूनही वाटेत अडकतो, हे आधी ठरवायला हवे. पंखा बदलायचा निर्णय त्यानंतरचा आहे.

बी-302, तुम्ही सांगितलेल्या लक्षणातच बरेचसे उत्तर आहे. चालत्या गाडीत समोरची हवा रेडिएटरमधून जाते आणि तापमान उतरते, याचा अर्थ पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) आणि रेडिएटरच्या आतल्या नळ्या बऱ्यापैकी ठीक असाव्यात. तरीही इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी, रेडिएटरचे झाकण उघडून आतली पातळी पाहा. बाजूच्या टाकीतली पातळी पाहून समाधान मानू नका, कारण झाकणाचे रबर कडक झाले असेल तर टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो. पातळी खाली गेली की तापमानाचा सेन्सर द्रवात न राहता हवेत किंवा वाफेत राहतो, त्याला खरे तापमान कळतच नाही आणि इंजिन तापलेले असूनही पंख्याला हुकूम जात नाही. अशा गाडीला नवा पंखा बसवला तरी तोही गप्पच राहील.

गरम इंजिनावर ते झाकण कधीही उघडू नये. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट उघड्या भांड्यात साधारण 107 अंशांना उकळते. झाकणाच्या दाबामुळे हाच उत्कलनबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. दाब अचानक सुटला तर आतले सगळे कूलंट एका क्षणात उकळून तोंडावर येते.

बी-302 : काका, आभारी आहे. आज सकाळी झाकण उघडून पाहिले. रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला आहे आणि कूलंटचा रंगही स्वच्छ आहे. त्यानंतर पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवले. पट्ट्या वर गेल्या, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना चांगलीच धग जाणवत होती, पण पंखा हलला नाही. फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत दिसते.

डी-201 : रेडिएटर तापतो आहे, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो आहे. तो बंद अवस्थेत अडकला असता तर इंजिन तापूनही रेडिएटर कोमटच राहिला असता. आता विजेची वाट तपासू. चावी बंद करून बोटाने पंख्याचे पाते फिरवून पाहा. ते अडखळत फिरत असेल तर मोटरच्या बेअरिंगला गंज धरला आहे, आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या गाडीबाबत ते नवल नाही. पाते मोकळे असेल तर पंख्याचे कपलर (तारा जोडणारा प्लग) सोडवून मोटरच्या दोन तारांना थेट बॅटरी द्या, मात्र मध्ये एक फ्यूज ठेवा आणि पात्याचा मूळ कल कुठे आहे हे पाहून अधिक-उणे जोडा. पंखा जोमाने फिरला तर पंख्याचा खर्च वाचला.

सी-401 : काकांच्या म्हणण्यात विजेच्या बाजूने थोडी भर घालते. फ्यूजची तार शाबूत दिसते यावर विसंबू नये, कारण फ्यूजच्या पायांवर किंवा तो ज्या खाचेत बसतो तिथे हिरवट थर साचला की तार चांगली असूनही प्रवाह पुढे जात नाही. पंख्याच्या कपलरपाशी मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवील, पण त्यावरही विश्वास टाकू नका. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे खराब सांध्यातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. पंखा मात्र चार अँपिअरच्या घरात प्रवाह मागतो. सांध्यात केवळ एक ओमचा रोध असला तरी त्या प्रवाहाला चार व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि मोटरला उरते ते आठ. म्हणून इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन तारा जोडून टेस्ट लॅम्प बनवावा. तो झगझगीत पेटला तर वाट मोकळी आहे, मंद पेटला तर मध्ये कुठेतरी रोध आहे.

तुमची गाडी फ्यूएल इंजेक्शनची आहे, त्यामुळे सेन्सर तापमान इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या छोट्या संगणकाला, कळवतो, इसीयू रिले (विजेने चालणारा स्विच) ओढतो आणि रिले पंख्याला वीज देतो. रिलेच्या चार पायांपैकी 85 आणि 86 हे कॉइलचे, तर 30 आणि 87 हे प्रत्यक्ष प्रवाहाचे असतात. त्याच नमुन्याचा दुसरा रिले गाडीत असेल तर तात्पुरती अदलाबदल करून पाहा. ते जमले नाही तर रिले काढून, चावी चालू ठेवून, सॉकेटमधील 30 आणि 87 एका तारेने जोडा. पंखा फिरला तर दोष रिलेत किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला आहे. नाही फिरला तर पंख्याच्या प्रवाहाच्या वाटेत, म्हणजे फ्यूज, कपलर किंवा अर्थिंगमध्ये आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना इसीयू नसतो आणि रेडिएटरवरचा थर्मो स्विचच पंख्याचे अर्थिंग जोडतो, तेव्हा त्यांच्या मालकांनी स्विचची तार चॅसिसला टेकवून हीच परीक्षा घ्यावी.

ए-104 : एवढ्या तपासण्या करण्यापेक्षा हँडलवरचे बटण सोपे नाही का? आमच्या ओळखीच्या एका मोटरसायकल पायलटने (दुचाकी टॅक्सीवाल्याने) तसेच करून घेतले आहे आणि तो दिवसभर म्हापशात भाडी मारतो.

डी-201 : पायलट दिवसभर गाडीवर असतो, त्याचे लक्ष पट्ट्यांकडे असते. आपण कोंडीत फोन वाजला तरी बटण विसरू, आणि घरी आल्यावर बंद करायला विसरलो तर सकाळी बॅटरी उतरलेली असेल. बटण बसवायचेच असेल तर ते रिलेच्या कॉइलला जोडावे, पंख्याची वीज फ्यूजमधूनच जावी आणि सेन्सरची मूळ वाट तशीच राहू द्यावी. अनमोड घाट चढताना पुढे ट्रकांची रांग असेल तर असे जादा बटण उपयोगीच पडते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण मूळ दोष न शोधता बारीक तारेने, फ्यूजविना केलेले ‘डायरेक्ट’ काम हे पेट्रोलच्या टाकीखाली आगीची सोय करण्यासारखे आहे.

बी-302 : वहिनींनी सांगितलेली परीक्षा घेतली. बॅटरीवर पंखा छान फिरला, पण 30 आणि 87 जोडूनही गाडीच्या वायरिंगवर तो हलला नाही, आणि कपलरपाशी टेस्ट लॅम्प मिणमिणता पेटला. कपलर उघडल्यावर एक पिन पूर्ण हिरवी पडून झडलेली आढळली. वायरिंगवाल्याने दोन्ही बाजूंची कपलर नवी लावून दिली. आता पट्ट्या चढल्या की पंखा आपोआप सुरू होतो, मात्र तापमान पूर्वीसारखे उतरत नाही. पंखा बराच वेळ फिरतच राहतो. आता काय उरले?

सी-401 : कपलर बदलताना दोन तारांची अदलाबदल झाली असण्याची दाट शक्यता आहे. अशा मोटरला अधिक-उणे उलटे दिले तरी ती फिरते, फक्त उलट्या दिशेने. तुमचा पंखा रेडिएटरच्या मागे आहे आणि त्याने समोरची हवा आत ओढायची असते. उलटा फिरला तर तो इंजिनाजवळची तापलेली हवाच रेडिएटरमधून पुढे ढकलतो. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागदाचा एक कपटा धरा. तो जाळीला चिकटला तर दिशा बरोबर आहे, दूर उडाला तर उलटी.

बी-302 : कागद उडाला! वायरिंगवाल्याकडून तारा उलटून घेतल्या आणि आता कपटा जाळीला घट्ट चिकटतो. काल संध्याकाळी पुलावरच्या कोंडीत पट्ट्या वरच्या खुणेच्या बऱ्याच खाली थांबल्या.

डी-201 : उत्तम. नव्या पिनांवर थोडे डायलेक्ट्रिक ग्रीस (ओल रोखणारे ग्रीस) लावून घ्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हाच हिरवा थर परत येईल. गाडी धुताना प्रेशरचा फवारा रेडिएटरवर मारू नका. रेडिएटरची पाती वाकतात आणि पाणी कपलरमध्ये शिरते. पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी कपलर सोडवत जा, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा सुरू होऊ शकतो.

सचिव : माझी एक विनंती. कूलंट बदलणार असाल तर जुने कूलंट पार्किंगच्या गटारात सोडू नये. ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, आणि आपल्या आवारातली कुत्री-मांजरे ते चाटतात. फरशीवर थेंब सांडले तरी लगेच पुसून, वर भरपूर पाणी ओतावे.

बी-302 : बदलायचे आहेच, दोन वर्षे होऊन गेली आहेत. येत्या रविवारी करीन आणि जुने कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये देईन. तळाचा स्क्रू काढताना खाली धरायला कोणाकडे पसरट टब असेल तर सकाळपुरता हवा आहे.

ए-104 : माझ्याकडे आहे. आठच्या आत घेऊन जा.