'सक्रिय वापरकर्ते' की 'वापरातले पत्ते'?

प्रश्न : सोलापुरातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मी क्रिप्टो चलनांवर एक टिपण तयार करत आहे. त्यात 'डेली अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅड्रेसेस' या मापासाठी मी 'दैनिक सक्रिय वापरकर्ते' असा शब्द योजला होता. एका सहकारी शिक्षिकेने त्याखाली रेघ ओढून समासात 'पत्ता म्हणजे माणूस का?' असे लिहिले आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर : बाईंची हरकत रास्त आहे, कारण या शब्दामुळे आकड्याचा अर्थच बदलतो. बिटकॉइन या क्रिप्टो चलनाच्या नोंदवहीत (ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे 'साखळी'त) माणसे नसतात, पत्ते असतात, म्हणजे रक्कम ज्यांवर जमा होते अशा अक्षर-अंकांच्या खुणा, आणि एकाच माणसाचे शेकडो पत्ते असू शकतात. सातोशी नाकामोतो या नावाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ निबंधातच, खासगीपणा राखण्यासाठी प्रत्येक व्यवहाराला किल्ल्यांची (रकमेवरचा हक्क सिद्ध करणाऱ्या सांकेतिक आकड्यांची) नवी जोडी, म्हणजेच नवा पत्ता, वापरावी, अशी सूचना आहे.

समजा, माझ्या पत्त्यावर १ बिटकॉइन एकरकमी आलेले आहे आणि त्यातले ०.३ मला आपल्याला द्यायचे आहे. ती रक्कम नोटेसारखी अख्खीच मोडावी लागते. ०.३ आपल्या पत्त्यावर जाते आणि शुल्क वजा जाता उरलेली मोड माझ्याकडे परत येते. मात्र पुष्कळशी वॉलेट (बिटकॉइन सांभाळणारी अ‍ॅप) ती माझ्याच एका कोऱ्या पत्त्यावर जमा करतात. व्यवहारात माणसे दोन, पण नोंदले गेले तीन पत्ते. आणि तिसरा पत्ता कोणाचा, हे मोजणाऱ्याला खात्रीने सांगता येत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्या बाजार समितीत कांद्याची एक गाडी येते तेव्हा तिच्यात चार शेतकऱ्यांच्या पिशव्या असू शकतात. गाड्या मोजल्या म्हणून शेतकरी मोजले गेले, असे होत नाही. क्रिप्टो एक्स्चेंजच्या, म्हणजे ही चलने विकत घेण्या-विकण्याची सोय देणाऱ्या कंपनीच्या, एका पत्त्यामागेही असेच हजारो ग्राहक असतात, आणि त्यांची आपापसातली खरेदी-विक्री एक्स्चेंजच्या स्वतःच्या हिशेबात राहते, साखळीवर येतच नाही. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो जाळ्यात खात्यांची पद्धत (बँकेसारखी, प्रत्येक पत्त्यावर एकच शिल्लक) असल्यामुळे मोडीचा प्रश्न उद्भवत नाही आणि तोच पत्ता पुन्हापुन्हा वापरला जातो. म्हणून या दोन जाळ्यांचे आकडे शेजारी ठेवून वापरकर्त्यांची तुलना करणे मला चुकीचे वाटते.

प्रश्नकर्ता : मग 'चालू पत्ते' म्हणावे का? अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत 'किती माग चालू आहेत?' असेच विचारतात. 'सक्रिय माग' असे कोणी म्हणत नाही.

उत्तर : मागाचा दाखला मला फार पटला. यंत्राला, वस्तूला आपण 'चालू' म्हणतो. 'सक्रिय' म्हटले की कार्यकर्ता किंवा सभासद, म्हणजे माणूसच आधी मनात येतो आणि इथली गल्लत तिथूनच सुरू होते. तरीही 'चालू पत्ता' म्हटल्यावर अर्जातला 'सध्याचा पत्ता' आठवेल, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याला बँकेतले 'चालू खाते' आठवेल. त्यापेक्षा 'वापरातले पत्ते' हा साधा शब्द मला नेमका वाटतो.

जाळ्यावरच्या एकूण हालचालीला मात्र 'वर्दळ' म्हणावे, असे मी आग्रहाने सुचवेन. नवी पेठेतून एकच माणूस दिवसातून चार वेळा गेला, तरी वर्दळीत त्याची चारदा भर पडते, आणि 'वर्दळ' म्हणताना आपण डोकी मोजल्याचा दावा करत नाही. 'उलाढाल' हा शब्द रकमेसाठी राखून ठेवावा.

मुदतीचा उल्लेखही टिपणात हवाच. एका मुदतीत एक पत्ता कितीही वेळा आला तरी एकदाच मोजतात. त्यामुळे आठवड्याचा आकडा म्हणजे सात दिवसांच्या आकड्यांची बेरीज नव्हे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. वाक्य आता असे केले आहे : 'दिवसभरात ज्या वेगवेगळ्या पत्त्यांवरून रक्कम गेली किंवा ज्यांवर ती आली, त्यांची संख्या म्हणजे त्या दिवसाचे वापरातले पत्ते, ही माणसांची संख्या नव्हे.' बाईंना उद्या दाखवतो.