क्लब हाऊसमधील पोकेमॉन कार्डांवर बंदी घालावी काय?

सचिव:
काल संध्याकाळी पोकेमॉन कार्डांच्या अदलाबदलीवरून क्लब हाऊसमध्ये दोन मुलांचे भांडण झाले व ते पालकांपर्यंत गेले. आवारात ही कार्डे आणण्यास बंदी घालावी, असा अर्ज कार्यकारिणीकडे आला आहे. सभासदांनी रविवारच्या सभेपूर्वी आपले मत येथे नोंदवावे आणि याच विषयापुरते लिहावे, ही विनंती.

ए-१०२:
माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. ५२ पत्त्यांच्या एका जोडावर आमच्या घरी मेंढीकोट आणि रमी वर्षानुवर्षे चालले. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची पाने १२० असली, तरी ती सगळी एकाच पेटीत मिळतात. माझ्या नातवाकडे बुटांच्या खोक्यात ४०० कार्डे आहेत आणि तरीही ‘डेक’ पूर्ण होत नाही म्हणून तो नवे पाकीट मागतो. हा कसला हिशेब आहे?

सी-७०१:
आजोबा, मी याच जातकुळीतला ‘मॅजिक’ हा खेळ खेळतो, म्हणून तिथूनच सांगतो. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ अमेरिकेत १९९३ मध्ये आला. पोकेमॉनची कार्डे जपानमध्ये १९९६ मध्ये निघाली. मूळ कल्पना अशी की सगळी कार्डे एका पेटीत कधीच मिळत नाहीत. बंद पाकिटांतून जे हाती लागेल त्यातून प्रत्येकाने आपला डेक बांधायचा. पोकेमॉनचा डेक बरोबर ६० कार्डांचा असतो आणि मूलभूत ऊर्जेची (हल्ल्यासाठी प्राण्याला बळ देणारी) कार्डे सोडली, तर एका नावाची चारपेक्षा जास्त कार्डे त्यात चालत नाहीत. नातवाकडची ४०० कार्डे बहुधा एकमेकांना पूरक नाहीत, त्यामुळे त्यांतून खेळण्याजोगी ६० निघत नसावीत.

आता हिशेब. मॅजिकमध्ये २००८ साली सर्वांत दुर्मिळ कार्डांची एक नवी श्रेणी आली, जिचे कार्ड साधारण आठ पाकिटांत एकदा निघे. त्या वेळच्या मोठ्या संचात अशी १५ कार्डे असत, म्हणजे त्यांतले नेमके हवे ते कार्ड सरासरी सुमारे १२० पाकिटांमागे एक. १२० पाकिटे फोडूनही ते न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. आणि डेकला तेच कार्ड चार वेळा लागू शकते.

डी-५०२:
मग याला जुगार म्हणायला हरकत कोणती? अर्ज माझाच आहे आणि वरील आकडे वाचून माझे मत अधिकच पक्के झाले.

बी-३०४:
पाकीट फोडणे हे सोडतीच्या तिकिटासारखेच आहे, हे मला मान्य आहे. परंतु पाकीट फोडणे आणि खेळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मला स्वतःला सहा महिने आणि बरेच पैसे लागले. सुरुवातीला मी मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातून चकचकीत सोनेरी कार्डे आणून दिली. ती नकली निघाली. त्यांवरचा मजकूर इतका अगम्य होता की त्यांच्या जोरावर एकही डाव खेळता येईना. मग खरी पाकिटे आणली, तर ऊर्जेच्या कार्डावाचून अडलेला एकच प्राणी तीन-तीनदा निघाला. शेवटी एक तयार डेक घेतला आणि त्या दिवशी आम्ही दोघे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने खेळलो.

खेळ अवघड आहे, पण त्यातली अवघड बाजू नियमपुस्तकात फारशी नाही. पाळीत एक कार्ड उचलायचे, ऊर्जेचे एक कार्ड जोडायचे, हल्ला केला की पाळी संपली. समोरच्याचा प्राणी बाद केला की सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या आपल्या सहा बक्षीस-कार्डांतून उचलायचे, आणि सहाही जो आधी उचलेल तो जिंकला. एवढे दहा मिनिटांत कळते. खरी गुंतागुंत प्रत्येक कार्डावर छापलेल्या मजकुरात आहे, कारण जवळजवळ प्रत्येक कार्ड मूळ नियमाला एक अपवाद जोडते. म्हणून नवा संच बाजारात आला की नव्या खरेदीबरोबर नवा अभ्यासही येतो, आणि अधिकृत स्पर्धांतून जुन्या खुणेची (कार्डावर छापलेल्या, काळ सांगणाऱ्या अक्षराची) कार्डे बाद होत असल्याने तो अभ्यास पुन्हा करावा लागतो. घरी खेळताना मात्र कोणतेही कार्ड बाद होत नाही, हे मुलांना कोणी सांगतच नाही.

सी-७०१:
काकूंचे म्हणणे मॅजिकला तर फारच लागू पडते. त्याची सविस्तर नियमावली अडीचशेहून अधिक पानांची आहे आणि कार्डावरचा मजकूर नियमाविरुद्ध गेला, तर कार्डाचेच खरे मानावे, असे त्या नियमावलीतच लिहिले आहे! खर्चासाठी मात्र आम्ही मित्रांनी एक तोड काढली: केवळ सर्वसामान्य श्रेणीची कार्डे वापरायची. या प्रकाराला ‘पॉपर’ म्हणतात. हवे ते सुटे कार्ड विकत घ्यायचे आणि पाकीट फोडायचे नाही.

डी-५०२:
हे ठीक आहे, पण कालचे भांडण सातवीतल्या मुलाने दुसरीतल्या मुलाकडून एक महागडे कार्ड पाच साध्या कार्डांच्या बदल्यात घेतल्यामुळे झाले. त्याचे काय?

बी-३०४:
तो सातवीतला मुलगा माझाच. कार्ड काल रात्रीच परत केले आहे. बंदीऐवजी माझा प्रस्ताव असा आहे की क्लब हाऊसमध्ये कार्डांची अदलाबदल आणि पाकिटे फोडणे बंद करावे, आणि चार तयार डेक वर्गणीतून घेऊन ग्रंथालयाच्या कपाटात ठेवावेत. मुलांनी त्यांवरच खेळावे.

डी-५०२:
एवढ्या अटीवर मी अर्ज मागे घेतो.

ए-१०२:
मीही रविवारी येईन. डाव कळेल की नाही ठाऊक नाही, पण पाने पिसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

सी-७०१:
आजोबा, अवश्य या. फक्त आपल्या त्या प्रसिद्ध पद्धतीने पाने वाकवून फुर्रकन पिसू नका. कार्डाचा कोपरा दुमडला की त्याची किंमत उतरते.