मदत हवी आहे: इंजिनवरचा नंबर मूळचा की नंतर ठोकलेला?

१९६७ ची शेवरोले कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार, ३२७ घनइंची इंजिन. विकायची आहे, पण ‘मॅचिंग नंबर्स’ (म्हणजे गाडीत तिचं मूळ इंजिनच आहे) असं लिहायला हात धजत नाही. उजव्या सिलिंडर हेडसमोरच्या पट्टीवरचा नंबर चॅसी नंबरशी जुळतो, ब्लॉकची कास्टिंग तारीखही गाडी बनण्याआधीची आहे. खटकतंय ते वेगळंच. थिनरने पुसून तिरप्या उजेडात पाहिलं तर पट्टी अगदी गुळगुळीत; कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट कापण्याच्या), पुढून मागे जाणाऱ्या बारीक रेघा कुठेच नाहीत, आणि आकड्यांच्या कडा अजून धारदार!

जुनी बिलं नाहीत. इंजिन उघडायचं नाही, पट्टीला पॉलिश पेपर तर अजिबात लावणार नाही.

ब्लॉकचं फेसिंग (पट्टीसकट वरचा पृष्ठभाग पुन्हा कापून सपाट करणं) करताना रेघा गेल्या असतील, तर नंबरही जायला हवा ना? की हलक्या कटमध्ये तो टिकतो? आणि निकाल लागलाच नाही, तर जाहिरातीत नेमकं काय लिहावं?